अन्नसुरक्षेचा पहारा विद्यापीठातून

शहरातील ग्राहकाला मक्याची आठवण होते ती पावसाळ्यात भाजलेल्या कणसामुळे. प्रत्यक्षात त्याच्या ताटातील अंडी आणि चिकन यांचे भावही मक्याशी जोडलेले असतात, कारण कोंबडीखाद्याचा मोठा भाग मक्याचा असतो. त्यामुळेच मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा परिसरात मक्यावर आढळलेली एक अळी ही केवळ शेतकऱ्यांची चिंता नव्हती.

ती होती अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आढळली आणि दोनच वर्षांत भारतात पोहोचली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. सप्टेंबर २०१८ पर्यंत ती महाराष्ट्रातही दिसू लागली.

परदेशी किडी रोखण्यासाठी भारतात १९१४ पासून कायदा आहे. बंदरे आणि विमानतळांवर आयात बियाणे, रोपे, धान्य यांची तपासणी होते. मात्र, सीमा ओलांडून कीड एकदा शेतात उतरली की ती वेळेत ओळखणारा जाणकार हाच खरा पहारेकरी ठरतो. मक्यावर पूर्वीपासून अनेक अळ्या असतात. नव्या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी खूण आणि शेपटीकडील आठव्या खंडावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके असतात. शिवमोग्याच्या कृषी व फलोत्पादन विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी ती ओळखली आणि देश सावध झाला.

ही नजर शिक्षणातून घडते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र व वनस्पती रोगशास्त्र हे विषय शिकवले जातात. विद्यार्थी कीटक गोळा करून त्यांचे संग्रह तयार करतात. अखेरच्या वर्षात गावात राहून शेतकऱ्यांबरोबर प्रत्यक्ष काम करतात. किती अळ्या दिसल्यावर फवारणी करावी आणि कधी करू नये, म्हणजेच आर्थिक नुकसानीची पातळी कशी ठरवावी, हा या शिक्षणाचा गाभा होय.

अचूक ओळखीमुळे काय साधते, हे पपईवरील पिठ्या ढेकणाने दाखवून दिले. मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही कीड २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळली आणि पुढे महाराष्ट्रातही पसरली. कीटकनाशकांनी ती आटोक्यात येईना. मात्र, तिची नेमकी जात कळलेली असल्याने तिचा नैसर्गिक शत्रू शोधणे शक्य झाले. २०१० मध्ये पोर्टो रिको येथून परोपजीवी कीटक आणून शेतांत सोडण्यात आले आणि किडीचा जोर ओसरला.

याउलट, योग्य सल्ल्याविना होणारी फवारणी जिवावर बेतू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. वेगवेगळी कीटकनाशके एकत्र मिसळणे आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे त्या वेळी पुढे आली.

विद्यापीठांचे ज्ञान बांधापर्यंत नेण्याची एक व्यवस्था राज्यात आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांनी हाहाकार उडवल्यानंतर, २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ हा पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतांतील नियमित निरीक्षणे नोंदवायची, त्यांवर तज्ज्ञांनी सल्ला द्यायचा आणि तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचा, अशी त्याची रचना आहे.

परंतु ही साखळी माणसांवरच उभी आहे. कृषी विद्यापीठांतील रिक्त पदांचा प्रश्न वारंवार चर्चेत येतो, तर अनेक कृषी पदवीधर शेतीक्षेत्राऐवजी स्पर्धा परीक्षांकडे वळतात. कीड ओळखणारे हात कमी झाले, तर पहिली सूचना उशिरा मिळेल आणि त्या उशिराची किंमत शेतकरी पिकाने, तर शहरी ग्राहक वाढत्या भावाने मोजेल. कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेवरील खर्च हा अन्नसुरक्षेवरील खर्च मानला जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.