चकचकीत पुंगळीचा भरवसा

अमेरिकेतले अनेक हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करून, मापात आणून पुन्हा भरतात. त्यातला बराच वेळ तिला चकाकी आणण्यात जातो. पण पितळेचा खरा शत्रू काजळी नव्हे, तर धातूच्या पोटात साठलेला ताण. याचा पुरावा एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात मिळतो. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असत, आणि न झाडताच त्यांच्या पुंगळ्यांना चिरा पडत. उलगडा झाला तो 1921 मध्ये: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळेतला ताण, असे तिघे मिळून ते काम करत. साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले हे पितळ अशा वेळी कणांच्या सीमारेषांवर उकलते.

कोणी म्हणेल, अमोनियाचे पॉलिश घटकाभर लावून पुसले तर काय बिघडते? बहुधा काहीच नाही. पण झाडताना आणि मापात आणताना पुंगळीची मान दर वेळी वाकते, कडक होते. त्यात अमोनियाची भर कशाला? त्यापेक्षा मानेपुरती नेमकी उष्णता देऊन ती मऊ करणे शहाणपणाचे. बूड मात्र तापवायचे नाही. स्फोटाचा दाब तेच झेलते, आणि मऊ बूड फाटले तर धोका थेट नेमबाजाच्या चेहऱ्याला. स्वच्छता निरुपयोगी नाहीच. मळ निघाल्याशिवाय चीर दिसणार कशी?