मागणीआधीची मांडणी

एकेक मुद्दा बिनतोड असूनही निबंध पटत नाही, तेव्हा चूक बहुधा क्रमात असते. ‘मोबाईल : शाप की वरदान’ या शाळकरी निबंधात आधी फायदे, मग तोटे आणि शेवटी ‘जपून वापरावा’ असा शेरा येतो. त्यात माहिती भरपूर, पण बाजू घेतलेली नसते. मत पटवून द्यायचे तर ते आधी एका वाक्यात पक्के करावे लागते. त्या वाक्याला टेकू न देणारा मुद्दा कितीही चमकदार असला तरी गाळावा.

क्रम ठरतो तो वाचकावरून. जे त्याला मान्य आहे तिथून निघायचे आणि जे मान्य नाही तिथवर त्याला न्यायचे. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन या दृष्टीने मुद्दाम वाचावे. त्याची सुरुवात मागणीने होत नाही. आधी येतो पुणे आणि आसपासच्या खेड्यांतला शिक्षणकार्याचा अनुभव. बोलणाऱ्याचा अधिकार तिथेच कळतो. मग हिशेब : तिजोरीतला पैसा मुख्यतः रयतेच्या कष्टाचा, शिक्षणखर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. महसूल कुठून येतो हे आयोगाला नाकारता येणारे नव्हते. एवढे मान्य झाले की निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्या काळातली धाडसी मागणी रयतेच्या हक्काची वाटू लागते. ‘पण करायचे कसे?’ या प्रश्नालाही जागा उरत नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोडी-बालबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेती व आरोग्याचे प्राथमिक ज्ञानही द्यावे, इतक्या तपशिलात ते उतरतात.

राहतो तो पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत ते आधी मांडून मगच खंडन करण्याची रीत आहे. ते दुबळे करून मांडले तर जाणता वाचक तिथेच विश्वास काढून घेतो. प्राथमिक शिक्षणाचा असा आग्रह धरणाऱ्याला उच्च शिक्षण नकोच आहे, अशी शंका कुणालाही येऊ शकते. फुले मात्र सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेण्यालाही स्पष्ट विरोध करतात. वाचक आक्षेप मनात घेऊनच आला असेल, तर उत्तर सुरुवातीलाच द्यावे. तो वाचता वाचता सुचणारा असेल, तर जिथे सुचेल तिथे.

मसुदा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वेगळ्या कागदावर उतरवावे आणि मधल्या दोन वाक्यांची अदलाबदल करून पाहावी. काहीच बिघडले नाही, तर ते परिच्छेद एकमेकांवर उभे नाहीत, नुसते शेजारी बसलेले आहेत.