पुराआधी बोटीचं इंजिन: खोलायचं की तयार आणायचं?

मे महिन्यात पूरपट्ट्यातल्या गावात बोट शेडबाहेर निघते. कुणीतरी इंजिनाची दोरी ओढतं आणि ती नेहमीपेक्षा हलकी लागते. तिथेच समजावं, कॉम्प्रेशन उतरलंय. मग पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "इथंच खोलू की, मिस्त्री आहे." दुसरा म्हणतो, "नको रे बाबा, बांधलेलं तयार इंजिन आणू." ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी 45 फूट. अशा वेळी एका बोटीवर अख्खी गल्ली अवलंबून असते. म्हणून आधी मोजायचं, मग ठरवायचं.

मागे लटकणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचा, म्हणजे ओबीएमचा, पाय पाण्याच्या पिंपात बुडवून ते थोडं गरम करा. बंद करून प्लग काढा, त्या जागी कॉम्प्रेशन गेज बसवा, प्लगच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांच्या वर फरक नसावा. कमी भरलेल्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. चढला नाही तर हेड गॅस्केटवर संशय धरा.

आता हेड काढून सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवा. नख अडकलं की बोअर करणं आलं. हे काम कराड, मिरजेत होण्यासारखं आहे. फक्त 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन आधी हातात घ्या आणि मगच ब्लॉक टाका. चांगला टर्नर पिस्टन मोजूनच बोअर करतो. पिस्टन येईना म्हणून बोअर केलेला ब्लॉक जुलैपर्यंत पोत्यात पडून राहिलेला मी पाहिलाय.

खरा निकाल क्रँक देतो. सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड धरून उभा ओढा. बाजूला थोडा हलला तर चालतं. उभा खटखटला तर बिग-एंडचं बेअरिंग गेलं. चालू इंजिन पाण्यात बुडालं असेल तर रॉड वाकलेलाही असू शकतो. बऱ्याच लहान इंजिनांचा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो सोडवायला प्रेस लागतो आणि पुन्हा सरळ बसवायला डायल गेज. हे शेडमध्ये करू नये. इथे मी बिनदिक्कत तयार इंजिनाच्या बाजूचा. मात्र घेताना विचारा: बोअर कितीवर गेलाय, क्रँकचं बेअरिंग आणि सील नवे आहेत का, आणि चालवून दाखवणार का. नुसता नवा रंग बघून पैसे देऊ नका.

शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळ्याकडच्या लाँचला डिझेल इंजिन असेल, तर गोष्ट वेगळी. पंपाची डिझेल इंजिनं खोलून बांधणारे हात या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. किर्लोस्करवाडी 1910 पासून इथलीच. सुटा लाईनर असलेल्या इंजिनाला बोअरही लागत नाही. लाईनर, पिस्टन, रिंगा बदलल्या की झालं. ते इथंच बांधा.

काहीही ठरवा, पण इंजिनाचं कॉम्प्रेशन का उतरलं ते आधी शोधा. पुराच्या पाण्यात गाळ असतो. तो वॉटर पंपाच्या रबरी इम्पेलरची पाती खातो, पाणी फिरायचं थांबतं आणि पिस्टन तापून घासतो. जुना इम्पेलर तसाच ठेवला, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल. थोडे पैसे वाचवायची ही जागा नाही.

बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीचे दहा तास कंपनीच्या पुस्तकात दिलेलं जादा ऑइल घाला. बऱ्याच इंजिनांना ते 25 ला 1 असतं. हे दहा तास मे संपायच्या आत, संथ नदीत भरून घ्या. एकदा पूर्ण माणसं बसवून प्रवाहाविरुद्धही न्या आणि मागे वळून बघा: इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची धार एकसारखी पडतेय का.