वीज डोंगरावर, राऊटर घरात

"आजोबा, परवा वीज पडली ती पलीकडच्या डोंगरावर. मग आपला राऊटर कसा हो जळला? आईनं तर बटणही बंद केलं होतं!"

अरे, घरावर पडायलाच हवी असं थोडंच आहे? कोसळणाऱ्या विजेत साधारण तीस हजार अँपिअरचा प्रवाह असतो. आपल्या मिक्सरला तीन-चार पुरतात. आणि हा लोंढा डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी उसळून ओसरतोही. १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं दाखवून दिलं, की तारेजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत आपोआप वीज उभी राहते, कुणी शिवावं लागत नाही. विजेभोवतीचं क्षेत्र तर झपाट्यानं बदलतं. मग खांबाखांबांवरून आलेल्या तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्ट चढतात. आपल्या घरात खेळतात ते २३० व्होल्ट.

आता बटणाचं ऐक. बटण बंद केलं म्हणजे आत दोन-तीन मिलिमीटरची फट पडते, बस्स. एक मिलिमीटर हवा फोडायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. ढगापासून डोंगरापर्यंत झेप घेणारीला त्या फटीची काय मातब्बरी! शिवाय बटण तोडतं फक्त फेज. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि राऊटरमागची ती नेटची केबल? ती कुणी काढली होती? गच्चीवरून आलेली तांब्याची तार ती, चोरवाटच म्हणा ना. तिच्या तोंडाशी असते चिप. चिपमधले रोधक थर केसाच्या जाडीच्या हजारो पट पातळ, काही व्होल्टांच्या कामासाठी घडवलेले. बाहेरून सगळं धडधाकट दिसतं, दिवेसुद्धा लागतात, पण नेट काही येत नाही.

चंद्रावर निघालेल्यांचीही यातून सुटका झाली नाही बरं का. १४ नोव्हेंबर १९६९ला अपोलो-१२ पावसाळी ढगांत शिरलं. मागं आगीचा लांबच लांब झोत. त्यातूनही वीज वाहते. यान आणि झोत मिळून उंचच्या उंच तार झाली आणि ३६व्या सेकंदाला वीज खेचली गेली. ५२व्या सेकंदाला पुन्हा! यानाचा वीजपुरवठा कोलमडला, जमिनीवरच्या पडद्यांवर आकड्यांची नुसती खिचडी. तिथं जॉन ॲरन नावाचा २६ वर्षांचा पोरगा बसला होता. त्यानं एक बटण दुसऱ्या बाजूला करायला सांगितलं, इतकं आडबाजूचं की भल्याभल्यांना ते आठवेना. यानातल्या ॲलन बीननं ते फिरवलं आणि आकडे ताळ्यावर आले. अग्निबाणाचा स्वतःचा संगणक मात्र वेगळा होता, तो हललाही नाही. म्हणून तर ते चंद्रावर उतरले.

आपल्याकडे असा जोडीचा संगणक कुठला? आपल्याकडे सर्ज प्रोटेक्टरची पट्टी. तिच्या पोटात जस्ताच्या ऑक्साईडची एक गोल टिकली असते. एरवी ती गप्प बसते, पण व्होल्ट चढले की धरणाच्या सांडव्यासारखी जास्तीचं पाणी बाजूला काढून देते. प्रत्येक तडाख्यानं ती थोडी झिजते, हे दुकानदार सांगत नाही. आणि तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसेल, तर बाजूला काढलेलं जाणार कुठं? जुन्या घरांत ती पिन कित्येकदा नुसती शोभेची.

तेव्हा आभाळ भरून आलं की प्लग उपसायचा आणि नेटची केबलही काढायची. पण गडगडाट ऐकू यायला लागल्यावर वायरीला हात लावायचा नाही. राऊटर जळाला तर जळू दे.

उठा आता. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलाय, पण वळवाच्या विजा येतात त्या नेमक्या जमीन ठणठणीत कोरडी असताना, आणि कोरडी माती वीज नीट घेत नाही. परवाच्या सरीनं वरची मातीच तेवढी भिजली. दोन बादल्या भरून आणा, मी झाकण काढतो.