गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर…

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली की मळ्यातून घड बाहेर काढायचं काम बहुतेकदा जुन्या पिकअपच्या गळ्यात पडतं. पावसानंतर काळ्या मातीत चाक रुततं, ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे झुलवतो. राहिलेली कसर चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट नाहीतर धुळ्याजवळचा लळिंगचा चढ भरून काढतो. क्लच प्लेट झिजते ती प्रामुख्याने घसरताना. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती घट्ट दाबली गेलेली असेल, तर दोन्ही पृष्ठभाग एकाच वेगाने फिरतात आणि झीज जवळजवळ होत नाही. म्हणूनच एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा क्लच वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसरीचा दोन हंगामांत संपतो. गाडीचं वय हे याचं फारच अपुरं उत्तर आहे.

अशी गाडी घरच्या खळ्यातच उघडावी का? गिअरबॉक्स पेलण्याची सोय असेल तर उघडावी, असं माझं मत आहे. कारण मात्र लोक सांगतात ते नाही. मजुरी वाचते हे खरं, पण खरा फायदा वेळेचा आहे. ऐन हंगामात गॅरेजसमोर गाड्यांची रांग असते, मालकही ‘संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणून मागे लागलेला असतो. मिस्त्री प्लेट बदलतो, गाडी ओढायला लागते, सगळे खूश होतात. प्लेट कशाने गेली हे बघायला कुणाला सवड नसते, आणि ते कारण आत तसंच राहतं.

कारणाचा शोध पाना हातात घेण्याआधीच सुरू होतो. चढावर इंजिन भुंकतं पण गाडी वेग घेत नसेल, तर क्लच घसरतोय. गिअर पडताना खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसेल. तिथे प्लेटऐवजी केबल, मास्टर सिलिंडर किंवा स्लेव्ह सिलिंडर दोषी असू शकतो. पेडलला थोडीही मोकळी चाल उरली नसेल, तर चांगली प्लेटसुद्धा घसरते. हे पाच मिनिटांत बघता येतं आणि कधी कधी गिअरबॉक्सला हात लावायची वेळच येत नाही.

तो उतरवलाच, तर बेल हाउसिंगच्या आत आधी बोट फिरवून पाहावं. कोरडी काळी भुकटी म्हणजे नुसती झीज. ओलसर चिकटा लागला तर तेल गळतंय, आणि कुठून ते वासावरून बरंचसं कळतं: गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, तो आला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील, नुसतं काळं इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. तेल तसंच गळत ठेवून नवी प्लेट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर ते लेथवाल्याला दाखवावं, कारण घासून निघेल की बदलावं लागेल हा त्याच्या अनुभवाचा विषय आहे. प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि असल्यास पायलट बेअरिंगही बदलावं. ‘जुनं अजून चांगलं आहे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. भाग फार महाग नसतो, पण त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं महाग पडतं.

घरी काम करण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप धोक्याचा आहे आणि तो मी अर्ध्याहून अधिक मान्य करतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नये. चाकांना ओट लावून, फरशी किंवा कडक जमिनीवर मजबूत घोड्या ठेवून गाडी त्यांवर टेकवायची, आणि गिअरबॉक्स खाली घ्यायला वेगळा जॅक व दुसरा माणूस हवाच. काळ्या मातीच्या अंगणात हे करू नये, घोडी खचते. भुकटी फुंकून किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. मिस्त्रीचा हात बसलेला असतो, हे कोण नाकारील? पण अवघड टप्पे मोजकेच आहेत. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हे जुनी काढतानाच बघून ठेवायचं. प्लेट मधोमध धरायला जुना इनपुट शाफ्ट घालायचा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. मग गिअरबॉक्स सरळ रेषेत आत सरकला पाहिजे. तो बोटभर अडला की बोल्टने ओढून घ्यायचा मोह होतो आणि हाउसिंगचा कान तुटतो. त्याचा भार इनपुट शाफ्टवर लोंबकळत राहिला, तर नव्या प्लेटचा हब वाकतो आणि गाडी पहिल्याच गिअरला थरथरते. तेव्हा बाहेर काढावं, शाफ्टची रेघ बघावी, पुन्हा सरकवावं. दोन्हीकडचे दात जुळले की तो फारसा जोर न लावताही बसतो. काम झाल्यावर पेडलची मोकळी चाल लावून घ्यावी आणि सुरुवातीचे काही दिवस घाटाचं किंवा भरगच्च मालाचं भाडं घेऊ नये.