मोगरा वाढतो, परंतु फुलत नाही: कारणे व उपाय

“झाडे जोमदार आहेत, पाने हिरवीगार आहेत, परंतु कळी धरत नाही; तेव्हा कोणते खत घालावे?” असा प्रश्न मोगऱ्याचे बागाईतदार दरवर्षी माघ-फाल्गुनात विचारतात. या प्रश्नातच बहुधा दोषाचे मूळ असते. जे झुडूप जोमाने वाढत आहे ते उपाशी नाही, हे उघड आहे. तेव्हा खताचे पोते उघडण्यापूर्वी झाडाकडे नीट पाहणे इष्ट होय.

पालघर जिल्ह्यातील विक्रमगड तालुक्यात एका लहान शेतकऱ्याची दहा गुंठ्यांत सुमारे चारशे झुडपे आहेत. होळीपासून पाऊस लागेपर्यंत पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात आणि त्यावर घरखर्च चालतो. लागवडीच्या चौथ्या वर्षी ऐन हंगामात टोपलीचा तळही झाकेना. प्रस्तुत लेखक तेथे गेला तेव्हा कुदळ बांधावर आणून ठेवलेली होती. “साहेब, चार दिवसांत उपटून टाकतो आणि कारली लावतो,” असे त्यांनी सांगितले. घरातील बाईंचे म्हणणे मात्र निराळे होते. पहिल्या दोन वर्षी याच झाडांनी फुले दिली, मग दोष झाडाचा कसा, असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे रास्त होते.

झुडपे छातीएवढी उंच झाली होती. पाने मोठी, मऊ व काळपट हिरवी असून वेलीसारखे लांब पाणसोट एकमेकांत गुंतले होते. चौकशीअंती तीन गोष्टी उघडकीस आल्या. ठिबकाचे पाणी पाऊस संपल्यापासून एक दिवसही बंद नव्हते. झाड कापले तर मरेल या भीतीने दोन वर्षे छाटणी केली नव्हती. शिवाय दर पंधरवड्यास प्रत्येक झाडास मूठभर युरिया दिला जात होता. मूठ ५० ग्रॅमची धरली तरी वर्षाकाठी सव्वा किलोच्या आसपास युरिया होतो. मोगऱ्याच्या पूर्ण वाढलेल्या झुडपास वर्षाला ६० ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे १३० ग्रॅम युरिया पुरेसा आहे. फुले कमी दिसली की मूठ मोठी होत गेली व मूठ मोठी झाली तशी फुले आणखी कमी झाली.

पाणी व नत्र सतत मिळत राहिले की झुडूप आपले सर्व अन्न नवीन पालवी काढण्यात खर्च करते. वाढ थांबली म्हणजे अन्नाचा साठा फांद्यांत होतो आणि त्यानंतर येणारी फूट कळी घेऊन येते. आपल्याकडील संत्रा व डाळिंब बागाईतदारांना हे सांगावयास नको. बहार धरण्यासाठी बागेस ताण देणे हा त्यांचा नित्याचा परिपाठ आहे. मात्र तेच बागाईतदार अंगणातील मोगऱ्यास रोज घागरभर पाणी घालतात, याचे नवल वाटते.

मोगऱ्याची कळी नवीन फुटीवर येते. सबब विश्रांती व छाटणी ही दोन्ही कामे एकापाठोपाठ व्हावयास हवीत. पाऊस संपून जमीन वाफशावर आली की, नोव्हेंबरमध्ये, पाणी तोडावे. हलक्या मुरमाड जमिनीत दोन-तीन आठवड्यांचा ताण पुरतो. भारी काळ्या जमिनीत चार-पाच आठवडे लागतात. पाने पिवळट होऊन काही गळू लागली की ताण पुरेसा बसला असे समजावे. फांद्या सुरकुतू लागेपर्यंत मात्र थांबू नये. नंतर जमिनीपासून सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर उंची ठेवून धारदार कात्रीने छाटणी करावी आणि वाळक्या, रोगट व आत वळलेल्या फांद्या मुळाशी काढाव्यात. उरलेली पाने खुडून टाकावीत. आळे हलके चाळून झाडामागे १० किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे व मग पाणी सुरू करावे. नत्राबरोबर वर्षाला १२० ग्रॅम स्फुरद व तितकेच पालाश लागते. ही मात्रा छाटणीच्या वेळी निम्मी व पावसाच्या आरंभी निम्मी द्यावी.

कळी येते परंतु उमलण्यापूर्वीच गळते, ही तक्रार अगदी वेगळी आहे व तिच्यावर ताणाचा उपयोग नाही. कळ्या जांभळट होऊन फुगत असतील, तर आत कळीमाशीच्या बारीक अळ्या असण्याचा संभव असतो. भोके व जाळी दिसली तर कळी पोखरणारी अळी समजावी. दोन्हींचे कोष जमिनीत जातात. म्हणून किडक्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात व झुडपाखालील माती वरचेवर हलवावी.

इतर फुलझाडांची कारणे थोडी निराळी आहेत. बोगनवेल पाण्याच्या लाडाने बिघडते, हे मोगऱ्यासारखेच. कलमी गुलाब एकाएकी फुलेनासा झाला तर कलमाच्या सांध्याखाली पाहावे. तेथून फुटलेला खुंटाचा फुटवा सर्व जोम खाऊन टाकतो. तो मुळाशी काढावा. शेवंतीस कळी धरण्यासाठी लांब रात्र लागते. दिवसमानाचा फुलोऱ्यावर होणारा परिणाम गार्नर व ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. रस्त्यावरील दिव्याखालची शेवंती नुसती वाढत का राहते, याचे उत्तर त्यात आहे. बियांच्या रोपापासून लावलेल्या सोनचाफ्याच्या बाबतीत तर उपाय असा काही नाहीच. त्याला आठ-दहा वर्षे लागू शकतात. घाई असेल त्यांनी कलम लावावे.

विक्रमगडच्या बागेत त्या वर्षी उन्हाळ्यात काहीच केले नाही. फक्त युरिया थांबविला. पुढील नोव्हेंबरात पाणी तोडले व डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी केली. नुसत्या काटक्या उभ्या पाहून घरातील मंडळींचा जीव थोडा थोडा होत होता. जानेवारीत फूट निघाली, फेब्रुवारीच्या अखेरीस कळ्या लागल्या आणि होळीला टोपली दादरला गेली. आंब्याच्या सावलीतील दोन ओळी मात्र तशाच वांझ राहिल्या. मोगऱ्यास दिवसभराचे ऊन लागते. तेथे ताण, छाटणी वा खत यांपैकी कशाचाही गुण येणार नाही. त्या ओळींतील झुडपांची छाट कलमे करून पावसाच्या आरंभी ती उघड्या बांधाकडे लावली व आंब्याखाली हळद घेतली.