संशोधनात आपली मुले फक्त फॉर्म भरणार का?

किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन होते, तेव्हा मुलांच्या वाट्याला बहुधा प्रश्नावली भरणेच येते. भागीदारी म्हणजे कोणते प्रश्न, कोणत्या शब्दांत विचारायचे आणि उत्तरांचा अर्थ काय लावायचा, हे ठरवतानाही मुले सोबत असणे. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने शाळांसाठी समुपदेशनाची पद्धत घडवताना विद्यार्थ्यांचे म्हणणे विचारात घेतले.

जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही बळी गेले. तेव्हाची लहान मुले आता किशोरवयात आहेत. पावसाचा जोर वाढला की त्यांच्या मनात काय येते, वर्गात जात निघाली की काय होते, हे प्रश्न बाहेरच्या संशोधकाला सुचतीलच असे नाही.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीसोबत मुलांचाही होकार घ्यावा लागतो. पण होकार म्हणजे भागीदारी नव्हे. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्नही केवळ पाण्याचा नव्हता, बरोबरीचा होता.

म्हणून सर्वेक्षणाला कोणी आले, तर आपण विचारूया: प्रश्न ठरवताना इथली मुले होती का? नावे गुप्त राहतील का? निष्कर्ष गावात येऊन सांगाल का? आणि एखाद्या मुलाला आजच आधार हवा असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक वस्तीत, विहारात लावूया.